मेहुण्याचा आवाज

माझं गाव कान्हे. घरामागच्या शेडमध्ये माझे स्पीकर असतात. लग्न, सप्ताह, वास्तुशांत, शाळेचं गॅदरिंग, जिथं बोलावतील तिथं मी ते लावत आलोय. लोक मला स्पीकरवाला म्हणतात. माझ्या बायकोच्या धाकट्या भावाचाही आता हाच धंदा आहे. त्याला लोक साऊंडवाले सर म्हणतात. काम तेच, तारा त्याच, घाम तोच. एकजण वाला आणि एकजण सर.

मेहुण्याचं गाव कुरवंडे, लोणावळ्याच्या वरच्या अंगाला. तो बरीच वर्षं लोणावळ्यातल्या एका हॉटेलात होता. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये कंपन्यांच्या मीटिंगा आणि लग्नं व्हायची, आणि आलेल्या लोकांची सरबराई करणं हे त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी तो माझ्याबरोबर यायचा. हौस म्हणून. माईक तोंडापासून किती लांब धरायचा, शिट्टी कुठून येते, वायर पीळ न पडता कशी गुंडाळायची, हे सगळं त्याला मी शिकवलं. हॉटेल दुसऱ्या मालकाकडं गेलं तेव्हा तो नोकरी सोडून बाहेर पडला आणि एक दिवस पेढे घेऊन आमच्या घरी आला. म्हणाला, दाजी, स्वतःचं सुरू केलंय. मी पेढा खाल्ला, पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं होतं. एखाददुसरं काम सोडलं तर लोणावळ्याचे बंगले आणि रिसॉर्ट हे माझं गिऱ्हाईक नव्हतंच. माझं गिऱ्हाईक लोणावळ्याच्या अलीकडचं.

पण पुढच्या लग्नसराईत तो अलीकडं आला.

मला पहिल्यांदा कळलं ते कामशेतच्या बाजारात. एका गृहस्थांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात स्पीकर माझे होते. धाकटीच्या लग्नात मेहुण्याचे. ते भाजी घेत होते, मीही घेत होतो. समोरासमोर आलो तेव्हा ते जरा ओशाळले. मी हसत विचारलं, काय कमी पडलं आमचं? त्यांनी खूप विचार केला. माणूस प्रामाणिक होता, उगाच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची नव्हती त्याला. शेवटी म्हणाले, "न्हाई, तुमचा आवाज बी चांगलाच व्हता. पन त्येचा आवाज कसा, दिसतो."

मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. आवाज दिसतो म्हणजे काय?

बघायला गेलो. आमच्याच भावकीतलं लग्न होतं, आमंत्रण होतंच. मेहुण्यानं स्टेजच्या दोन्ही बाजूंना काळे बॉक्स एकावर एक रचले होते, त्यांच्या बुडाशी निळे दिवे. माझे बॉक्स लाकडी, कडा घासून पांढऱ्या झालेल्या, पाठीवर ऑइलपेंटनं माझा फोन नंबर. त्याच्या अंगात काळा शर्ट, हातात टॅब. तो मांडवभर फिरत होता. दोन पावलं चालायचा, थांबायचा, मान तिरकी करून ऐकल्यासारखं करायचा, टॅबवर बोट फिरवायचा. नवरीच्या आजीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि विचारलं, आजी, येतंय ना ऐकू? आजीनं मान हलवली. ती बिचारी सकाळपासून जो येईल त्याच्यापुढं मान हलवत होती.

मी मागच्या रांगेत बसून कान लावला. भटजींचा आवाज जाड येत होता. मंगलाष्टकाचे शब्द एकमेकांवर चढत होते, खालचा बेस उगाच वाढवलेला. मी असतो तर तो उतरवला असता. आवाज असा असावा की माणसाला स्पीकर आहे हे विसरायला व्हावं, एवढंच मला आयुष्यभर कळलंय. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, बोलणारा आपल्याशीच बोलतोय. पण तसं वाटलं की तो माणूस स्पीकरवाल्याला विसरतो, बोलणाऱ्याचं कौतुक करतो आणि जेवायला जातो. इथं अक्षता पडल्यावर दोन-तीन जण मेहुण्यापाशी गेले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, काय क्लिअर आवाज होता. क्लिअर! मी पत्रावळीवरची जिलबी तशीच ठेवली.

त्यानंतर मला ती खोडच लागली. कुठं त्याचं काम आहे कळलं की माझा पाय तिकडं वळायचा. मी कुठंतरी कडेला उभा राहून शिट्टी यायची वाट बघायचो. एक शिट्टी, लांबलचक, कान फाडणारी, भर मंगलाष्टकात. ती कधी आली नाही. वायरी त्यानं माझ्याकडून शिकल्याप्रमाणं नीट टाकलेल्या असायच्या.

मग ते बॉक्सचं प्रकरण झालं. मेहुण्यानं एकाच दिवशी दोन कार्यक्रम घेतले होते आणि त्याला बॉक्स कमी पडत होते. त्याचा फोन आला, दाजी, दोन टॉप द्याल का? टॉप म्हणजे वरचे बॉक्स, ज्यातून बोलणं आणि गाणं येतं. मला त्या दिवशी काम नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं विचारलं. नाही म्हणायला कारण सापडेना. त्याचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि माझे बॉक्स घेऊन गेला.

कार्यक्रम लोणावळ्यात होता, तुंगार्लीच्या बाजूला, बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या बंगल्यात. साहेबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली होती, आणि ओळखीतल्या गायिका जुनी भावगीतं म्हणणार होत्या. या साहेबांना मी ओळखत होतो. बंगल्याची वास्तुशांत झाली तेव्हा स्पीकर माझे होते, हेच बॉक्स. तेव्हा त्यांनी मला दोनदा बोलावून सांगितलं होतं की आवाज जरा कर्कश येतोय. मी कमी केलं, तरी कर्कशच. निघताना म्हणाले होते, ठीक आहे, चालायचंच.

बॉक्स परत आणायला दुपारी मी स्वतःच गेलो. कार्यक्रम अजून संपला नव्हता. गेटपाशी पोचलो आणि बाईंचा आवाज ऐकला, तेव्हाच ओळखलं, माझ्या बॉक्समधून येतोय. घरातलं माणूस पलीकडच्या खोलीत खोकलं तरी आपण ओळखतो, तसं. आत जाऊन बघतो तर माझे बॉक्स दिसेनात. मेहुण्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत ताणून बसणारं काळं कापड चढवलं होतं, खाली निळा दिवा. नंबर झाकलेला, कडा झाकलेल्या. अंगण धुक्यानं भरलं होतं आणि त्या धुक्यात दिवा छान पसरला होता, हे मला कबूलच करावं लागेल. खुर्च्यांवरचे लोक डोळे मिटून डुलत होते.

टाळ्या झाल्या, चहा आला. साहेबांनी मला बघितलं, ओळखलंही. खांद्यावर हात ठेवून मला माझ्याच बॉक्सपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "हे बघा, क्वालिटी म्हणतात ती ही. राग मानू नका, तुमच्या वेळी फार कर्कश वाटलं होतं. यांच्याकडून जरा समजून घ्या."

मेहुणा शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग तो म्हणाला, "साहेब, मी सगळं दाजींकडूनच शिकलोय."

साहेब हसले. त्यांना वाटलं हा विनयानं बोलतोय. मला मात्र ते कुठंतरी लागलं. त्यानं माझी टिंगल केली असती तर मला बरं पडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. माझ्या ओठांवर आलं होतं की साहेब, कापड काढा आणि मागं नंबर कोणाचा आहे तो वाचा. पण मी गप्प बसलो, कारण मला पुढचं दिसत होतं. कापड निघालं असतं, जुनं लाकूड दिसलं असतं, आणि साहेबांना त्या क्षणापासून आवाज पुन्हा कर्कश वाटायला लागला असता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमच्याच बॉक्सचं कवतिक झालं की."

"कौतुक त्याचं झालं," मी म्हणालो.

"मग तुमी बी काळं कापड आना."

तिला यात काही अवघड वाटत नव्हतं. आणि भाऊ तिचा होता. तिचा चेहरा खुललेला मला दिसत होता, आणि तो माझ्यासाठी खुललेला नव्हता. त्या रात्री मी तिच्याशी फारसा बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मला आता पुरावा हवा होता. आमच्या गावची जत्रा आली तेव्हा सासरची सगळी माणसं जेवायला आली. मेहुण्याला दुसऱ्या दिवशी देहूरोडला काम होतं म्हणून तो सामानाचा टेम्पो बरोबर घेऊनच आला होता. जेवणं झाली आणि मी म्हणालो, चला शेडमध्ये, एक गंमत करू. मेहुण्याचे दोन बॉक्स उतरवून घेतले, माझ्या दोन बॉक्सच्या शेजारी ठेवले आणि समोर मांडवाचा पडदा बांधला. कोणते कोणाचे ते बाहेरून कळायला नको. आमच्या भजनी मंडळाचं एक भजन मी पूर्वी रेकॉर्ड केलं होतं, ते लावायचं ठरलं. ऐकायला बायको, सासूबाई, शेजारचे आबा आणि स्वतः मेहुणा. आबांनी आयुष्यात इतकी कीर्तनं ऐकली आहेत की त्यांच्या कानावर माझा विश्वास होता.

आधी माझे बॉक्स वाजवले, मग त्याचे. आबा लगेच म्हणाले, दुसरा चांगला. मी खट्टू झालो. मग लक्षात आलं, त्याचे बॉक्स मुळातच थोडे मोठ्यानं वाजत होते. मी माझा आवाज किंचित वाढवला आणि पुन्हा लावलं. आबा म्हणाले, आता पैला चांगला. मी त्याचा वाढवला. आबा म्हणाले, आता दुसरा. जो मोठा तो चांगला, एवढा साधा हिशोब. आबांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ते अगदी मनापासून ऐकत होते आणि दर वेळी खात्रीनं सांगत होते.

बायकोनं डोळे बारीक करून ऐकलं आणि भावाचा म्हणून जो सांगितला तो माझा निघाला. पडदा बाजूला करून दाखवलं तर तोंडाला पदर लावून हसत सुटली. सासूबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दोनी येकच हायेत की रं. जरा बारीक करा."

मला आनंद झाला. लोकांना काहीच कळत नाही, ते डोळ्यांनी ऐकतात आणि मोठ्याला चांगलं म्हणतात, हे सगळ्यांसमोर ठरलं होतं. मेहुण्याचं यश म्हणजे कापड आणि दिवा. मी मशीन बंद करायला हात पुढं केला.

मेहुणा इतका वेळ एका पोत्यावर डोळे मिटून बसला होता. तसाच बसून म्हणाला, "दाजी, मला नाही विचारलंत."

मी विचारलं. त्यानं सांगितलं, पहिला तुमचा. मी पडद्यामागं जाऊन क्रम उलटा केला, त्याच्या बॉक्सचा आवाज कमी ठेवला, माझा आणखी कमी केला. त्यानं दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, आता दुसरा तुमचा. मी क्रम तोच ठेवून पुन्हा लावलं. तो म्हणाला, काही बदललेलं नाही तुम्ही. एकदाही चुकला नाही.

"कशावरून?" मी विचारलं.

"तुमच्यात टाळ वेगळा ऐकू येतो आणि पखवाज वेगळा. माझ्यात दोन्ही कालवल्यासारखे होतात. मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग सुधारत का नाहीस?"

त्यानं डोळे उघडले. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "दाजी, ज्याच्या घरी कार्य असतं तो टाळ ऐकत नसतो. तो सकाळपासून आलेल्यांची तोंडं बघत असतो. पाहुण्यांत आपली शोभा तर होत नाही ना, एवढंच त्याला कळायला हवं असतं. मी फिरत राहतो, त्याला दिसत राहतो. बेस जरा जास्त ठेवला की त्याच्या छातीला कळतं, चाललंय सगळं. हॉटेलात मी दुसरं काय केलं इतकी वर्षं?"

आबा म्हणाले, पोरगं हुशार हाय. सासूबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी चहाचं विचारलं.

मी चहा घेतला नाही. तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की त्याच्याकडं गिऱ्हाईक आहे, पण कान माझ्याकडं आहे. तेवढी एक गोष्ट माझी होती. तीही त्याच्याकडं निघाली. वर गिऱ्हाईक होतंच. सगळे गेल्यावर मी शेडमध्ये बसून राहिलो. बायको येऊन उभी राहिली. मला म्हणाली, त्यानं समद्यांसमोर तुमचा आवाज चांगला म्हटला, आनि तुमी तोंड पाडून बसलाय. ती म्हणत होती ते खरं होतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं मला. ते आबांनी म्हणायला हवं होतं. त्या बँकेच्या साहेबांनी म्हणायला हवं होतं.

काही दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर लग्न होतं, दरीच्या कडेला हिरवळीवर. तिथं वारा असा येतो की माईकमध्ये नुसता फडफडाट होतो आणि आवाज नागफणीच्या कड्याकडं वाहून जातो. तो म्हणाला, दाजी, तुम्ही मिक्सरवर बसा, आवाजाचं तुम्ही बघा, लोकांचं मी बघतो. एकट्याच्यानं होणार नाही. नंतर सांगतो म्हणून मी फोन ठेवला. बायकोनं काहीच विचारलं नाही, पण दोन दिवस भाजीत मीठ कमी होतं. मी गेलो. माझं काम कमी झालं होतं हे एक कारण. आणि तो अडचणीत आहे हे जवळून बघायची इच्छा, हे दुसरं. दुसरं मोठं होतं.

वारा खरोखर वाईट होता. माईकला फोमच्या टोप्या घातल्या, बॉक्स वाऱ्याच्या बाजूनं फिरवून घेतले, खालचा बेस जवळजवळ काढून टाकला. मेहुण्यानं तो काढू दिला. भटजींचे शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत सुटे सुटे पोचत होते. मी खूश होतो. तेवढ्यात नवरीचे वडील घाईघाईनं आले. म्हणाले, आवाजात दम नाही, वाढवा.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, तेच जे मी गिऱ्हाइकांना कायम देत आलोय: वाढवलं तर आवाज फाटेल. मेहुण्यानं मला डोळ्यांनी थांबवलं. तो वाकला, मिक्सरवरची एक पट्टी हळूहळू वर सरकवली आणि वडिलांकडं बघत विचारलं, "आता?"

वडिलांनी कान दिला. चेहरा सैल झाला. "हां. आता बरं आहे," म्हणाले आणि पाहुण्यांकडं गेले.

त्या पट्टीला काहीच जोडलेलं नव्हतं. मी स्वतः वायरी लावल्या होत्या, मला माहीत होतं. आवाज केसभरही बदलला नव्हता. मी मेहुण्याकडं बघितलं. तो हसला नाही, थट्टेचा भावही नव्हता. त्या माणसाला बरं वाटलं, एवढंच त्याच्या तोंडावर होतं. मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी भांडत बसलो होतो. थोड्या वेळानं मेहुणा जेवायला गेला असताना नवरीचे मामा आले आणि त्यांनीही वाढवायला सांगितलं. मी इकडंतिकडं बघितलं आणि तीच पट्टी वर सरकवली. मामा म्हणाले, मस्त.

तेव्हापासून मोठ्या कामांना आम्ही एकत्र जातो. मिक्सर माझा, माणसं त्याची. लहान कामं ज्याची त्याची. माझं जळणं थांबलं असं मी म्हणणार नाही. लोक निघताना त्याचाच हात हातात घेतात, त्याचाच नंबर मागतात, आणि मी मागं वायरी गुंडाळत ते ऐकत असतो. कधीकधी वायरीला उगाच जास्त ताण बसतो.

पण मागच्या महिन्यात एक झालं. तळेगावच्या एका गायनवर्गाचा वार्षिक कार्यक्रम आम्ही केला. मुली गात होत्या, मागं तानपुरा. कार्यक्रम संपल्यावर सगळे नेहमीप्रमाणं मेहुण्याभोवती जमले. वर्गात शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई मात्र स्टेजच्या कडेनं उतरल्या आणि सरळ माझ्यापाशी, मिक्सरपाशी आल्या. म्हणाल्या, "तानपुऱ्याच्या चारही तारा मला शेवटच्या रांगेत वेगळ्या ऐकू आल्या. हे कोणी केलं ते विचारायला आले."

मी म्हणालो, मी. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. हात वगैरे मिळवला नाही. मेहुणा चार पावलांवर उभा होता, कुणाशी तरी बोलत. त्याचं बोलणं मध्येच तुटलं.

टेम्पोत तो गप्प होता. एरवी त्याचं तोंड बंद नसतं, कोण काय म्हणालं, कोणाचं पुढचं काम मिळणार, सगळं सांगत असतो. तळेगाव मागं पडलं, वडगाव गेलं, तरी गप्प. कान्ह्याच्या फाट्याला वळताना त्यानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "दाजी, त्या बाई तुम्हाला नक्की काय म्हणाल्या?"

त्यानं ते ऐकलं होतं, मला माहीत होतं. मी त्याला पुन्हा सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, आणि जरा सावकाश सांगितला.